टेकायला हवा

अठ्ठावीस वर्षं मी पंखांना हात लावत आलो.
महाराजपुऱ्याचा हँगर, पहाटेचे साडेतीन,
दंवानं गारठलेला पत्रा बोटांनी चाचपायचा :
कुठला रिव्हेट सैल, कुठे केसाएवढी चीर.
निवृत्त झालो तरी अधूनमधून बोलावतात.

म्हणून ते यान आलं तेव्हा
मी आधी त्याच्या बगला शोधल्या.
बगलाच नव्हत्या.
पालथी घातलेली परात जशी,
जमिनीपासून वीतभर वर,
ना आवाज, ना खाली धूळ.
पोरांनी नाव ठेवलं त्रिशंकू.
चालवणारा एक अबोल विंग कमांडर;
विंग तेवढा हुद्द्यातच उरलेला.

सराव भिंडच्या बाजूला, पंधरा हजार फुटांवर.
आमच्याकडून यामिनी घोरपडे.
पहिल्या दिवशी ती तीनदा मेली.
(कागदावर. संध्याकाळी बाड्यावर कचोरी खाल्ली आम्ही.)
"काका, तो थांबतो हो," ती म्हणाली.
"मी मागे लागते आणि तो नुसता थांबतो,
रस्त्यात म्हैस थांबते तसा.
मी पुढे निघून जाते,
तो जागच्या जागी तोंड फिरवून
माझ्या पाठीकडे बघत राहतो."

थांबणं.
आमच्या अख्ख्या विद्येत हा शब्दच नव्हता.
पंख म्हणजे उधारीवरचा संसार :
वेग भरत राहा, हवा उचलून धरते,
हप्ता चुकला की दगड.

रात्री लष्करातल्या घरी
नात मोजे घालून नव्या फरशीवर धावत सुटली.
आईनं हाक मारली म्हणून वळायला गेली;
तोंड वळलं आईकडे,
आणि ती सरळ कपाटावर.
ती रडत होती, मी बर्फ शोधत होतो,
आणि फ्रीजचं दार उघडं टाकून
तसाच उभा राहिलो.

सकाळी यामिनीला म्हणालो,
त्याचं वजन गेलंय, जडत्व आहे तिथंच आहे.
तोंड फिरवणं सोपं गं,
वाट फिरवायला काहीतरी टेकायला लागतं.
तुझ्याकडे दोन पंख आहेत,
कलंडलीस की सगळी हवा तुझ्या खांद्याखाली येते.
त्याला आधी वेगात येऊ दे.

दुपारी तिनं त्याला पळवलं.
खूप पळवलं. मग एका दमात आडवी झाली, वळली.
तोही वळला, नाक बरोबर तिच्यावर,
पण जात राहिला भिंडकडेच,
गाडी सुटल्यावर डब्याच्या दारात उभ्या पाहुण्यासारखा :
बघणं आपल्याकडे, जाणं पलीकडे.
सरळ रेषेत जाणाऱ्याला गाठणं
विटीदांडू खेळलेल्या कुणालाही जमतं.

दुसऱ्यांदाही जमलं.
तिसऱ्यांदा तो पळालाच नाही,
झाडांच्या उंचीवर जाऊन बसला,
आणि ती पुन्हा मेली.
चार विरुद्ध दोन. फाइल दिल्लीला गेली.
फाइलीत काय लिहिलंय ते मला कळणार नाही,
कळून उपयोगही नाही.

संध्याकाळी हँगरबाहेर ती बाह्या सरसावून बसलेली.
दोन्ही हातांवर मोहरीएवढे लाल ठिपके.
वळताना रक्त खाली दाबलं जातं, बारीक नसा फुटतात,
दोन दिवसांत जातात.
विंग कमांडर येऊन उभा राहिला.
आठवडाभरात पहिल्यांदा आपणहून बोलला :
"मला पूर्वी यायचे असे."
मग स्वतःच्या कोऱ्या हातांकडे बघत
थोडा वेळ तिथंच थांबला.

पलीकडच्या गवतावर एक कापशी घार
एकाच जागी फडफडत होती,
वारा जेवढा मागे ढकलत होता
नेमकी तेवढीच पुढे उडत.
लांबून वाटत होतं, थांबलीय.